गावात राहून सिनेमावर लिहायचं आणि महोत्सव भरवायचा, तर सुरुवात कुठून करायची

मागच्या महिन्यात नागभीडकडचा एक पोरगा भेटायला आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "दादा, मले फिल्म फेस्टिवलचा डायरेक्टर व्हायचा आहे. कोनता कोर्स करू?" आम्ही दुपारभर बोललो. जाताना वही मिटून तो म्हणाला, "हे कुठी लिहून नाही ना जी?" म्हणून लिहितो आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातला. घरी धानाची शेती. बारा वर्षांपासून सिनेमावर लिहितो आणि आठ वर्षांपासून गावच्या शाळेच्या मैदानावर दोन रात्रींचा महोत्सव भरवतो. पडदा एक, चित्रपट सात-आठ. या वाटेवर मी जिथं जिथं अडकलो ती ठिकाणं तुम्हाला आधीच माहीत असावीत, एवढीच इच्छा.

१. काम नेमकं काय आहे ते ओळखा

महोत्सवाचा डायरेक्टर म्हणजे सिनेमा काढणारा दिग्दर्शक नाही. गावात हे दहा वेळा समजावून सांगावं लागतं, म्हणून मी स्वतःला 'संचालक' म्हणवतो. कोणते चित्रपट दाखवायचे, कोणत्या क्रमानं, कोणासमोर आणि का, हे ठरवणं म्हणजे हे काम. मंडप, जेवण, सत्कार ही कामं गावातली पोरं तुमच्यापेक्षा चांगली करतात. 'हाच चित्रपट का?' याचं उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागतं, आणि ते देण्याची सवय समीक्षा लिहून लागते.

म्हणून या कामाला कोर्स विचारू नका, आधी लिहायला लागा. आपल्याकडं ज्यांनी महोत्सव उभे केले त्यांतले पुष्कळ जण आधी लिहिणारे होते. १९४७ साली सत्यजित राय यांच्यासोबत कलकत्ता फिल्म सोसायटी काढणारे चिदानंद दासगुप्ता समीक्षक होते. अरुणा वासुदेव यांनी १९८८ साली आशियाई सिनेमावर 'सिनेमाया' हे नियतकालिक सुरू केलं आणि त्यातूनच १९९९ साली दिल्लीत 'सिनेफॅन' महोत्सव उभा राहिला. मराठीतलं उदाहरण सुधीर नांदगावकरांचं. सिनेमावर लिहिणारा हा माणूस १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभं करणाऱ्यांत होता, आणि पुढं थर्ड आय हा आशियाई चित्रपट महोत्सवही त्यांनी उभा केला.

'ही सगळी शहरातली माणसं' असं वाटत असेल तर हेग्गोडूचं नाव लिहून ठेवा. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातलं हे सुपारीच्या बागांचं खेडं. तिथं १९४९ साली नीनासम ही संस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७०च्या दशकात शेतकऱ्यांसमोर जगभरातले नावाजलेले चित्रपट लावले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'खेड्यातल्या माणसाला असला सिनेमा कळत नाही' असं कोणी म्हटलं की मी हेग्गोडूचं नाव घेतो.

२. बघायला शिका

मला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला. तुम्हीही इथं घाई करू नका.

तिसऱ्या वर्षी आम्ही पाणीटंचाईवरचा एक चित्रपट लावला होता. त्यात नायिका डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन माळावरून लांब चालत येते. त्या चालण्याचं कौतुक मी आधीच छापून आणलं होतं. चित्रपट संपला आणि पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी म्हणाली, "तिचा गुंड रिकामा होता गा. भरला गुंड डोक्यावर असला का मान अशी हालत नाही." घरी जाऊन मी तो प्रसंग पुन्हा लावला. खरंच, मान सैल होती, खांदे मोकळे होते आणि हात गुंडाला नुसता टेकलेला होता. शॉट दोन मिनिटांचा होता. मी 'वेदना', 'दाहक वास्तव' असे शब्द वापरले होते, आणि नटीच्या मानेकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. चित्रपटातला एक प्रसंग निवडायचा आणि तो तीन वेळा बघायचा: एकदा जसा आहे तसा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा पडद्याकडं पाठ करून नुसता ऐकायचा. आवाज बंद केला की कॅमेरा कुठं उभा आहे, माणसं फ्रेममध्ये कुठून येतात, कोण कोणाकडं बघत नाही हे दिसायला लागतं. नुसतं ऐकलं की कळतं, मागं वाजणारी रातकिड्यांची किरकिर खरी आहे की नंतर चिकटवलेली. पन्नास प्रसंग असे बघा. एवढ्यानं डोळा बराच तयार होतो.

आपल्याकडचा माणूस यात मागं नाही, हेही सांगतो. रोवणा (धानाची लावणी) कसा होतो, पऱ्ह्याची (रोपांची) जुडी कशी धरतात, बांधीत (धानाच्या वाफ्यात) पाणी किती असतं, बैल कधी अडतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पडद्यावरचं गाव खोटं असेल तर ते आधी तुम्हाला कळेल. ते कसं खोटं आहे हे नेमक्या शब्दांत लिहिता आलं की तुम्ही समीक्षक.

आणि झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक! दिवाळीपासून पुढं उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं बघणारा, तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक तुमच्या दाराशी आहे. याच रंगभूमीचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी हजार माणसं कशामुळं जागी राहतात हे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटकांना जाऊन बघा. चित्रपटांचा क्रम लावताना मला ते फार कामी आलं.

३. लिहा, आणि छापून आणा

सहाशे शब्दांपासून सुरुवात करा. गोष्ट चार ओळींत आटपा. उरलेल्या जागेत एक किंवा दोन प्रसंग उघडून दाखवा आणि तुमचं मत त्यांतूनच येऊ द्या. अभिनय 'अप्रतिम' आणि छायाचित्रण 'नेत्रसुखद' लिहून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

काही गोष्टी पक्क्या पाळा. चित्रपट पूर्ण बघितल्याशिवाय लिहायचं नाही. दुसऱ्याचं परीक्षण वाचायचंच असेल तर स्वतःचं लिहून झाल्यावर. दिग्दर्शक ओळखीचा असेल तर तसं लेखातच सांगायचं. निर्मात्यानं प्रवासखर्च दिला असेल तर तेही. आपल्या भागात लघुपट काढणारी पोरं सगळी एकमेकांच्या ओळखीची असतात, त्यामुळं हे अवघड जातं. मी एकदा मित्राच्या लघुपटाबद्दल हात राखून लिहिलं. पुढं वर्षभर माझ्या कौतुकाला किंमत उरली नाही. त्या मित्रालाही त्याचा उपयोग झाला नाही.

पहिला लेख जिल्हा पुरवणीला किंवा दिवाळी अंकाला पाठवा. संपादकाला मोठं पत्र लिहू नका. तुम्ही कोण, लेख कशावर, शब्द किती, एवढं पुरे. युनिकोडमध्ये टाइप करा, कारण फोटो काढून पाठवलेला हस्तलिखित लेख बहुधा उघडलाही जात नाही. छापून आलेल्या प्रत्येक लेखाचं कात्रण तारखेसह एका फायलीत ठेवा. मोठ्या महोत्सवांत पत्रकार म्हणून पास मागताना हीच कात्रणं लागतात. सुरुवातीचं मानधन नागपूरच्या जाण्यायेण्यात संपतं, हे धरूनच चला.

४. शिकायला कधी आणि कुठं जायचं

पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा चित्रपट रसास्वादाचा वर्ग असतो. संधी मिळाली तर सोडू नका. मात्र आधी वर्षभर लिहून मग जा, म्हणजे तिथं प्रश्न काय विचारायचे ते ठाऊक असेल.

दरवर्षी एक तरी मोठा महोत्सव प्रतिनिधी (डेलिगेट) म्हणून बघा. आपल्याला पुणे सोयीचं पडतं. २००२ साली सुरू झालेला पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुतेक वर्षी जानेवारीत असतो आणि तोवर धान घरात आलेलं असतं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९५२ साली सुरू झाला आणि २००४पासून गोव्यात भरतो. तो २० नोव्हेंबरच्या सुमाराला लागतो, म्हणजे आपल्याकडं ऐन कापणी-बांधणीचे दिवस. मी दोनच वेळा जाऊ शकलो. केरळचा महोत्सव डिसेंबरात असतो आणि तिथला प्रेक्षक एकदा तरी बघावा असा आहे.

तिथं गेल्यावर दिवसाला पाच चित्रपट बघायच्या मागं लागू नका. तीन बघा. चौथ्याच्या वेळेत बाहेर उभं राहून बघा की रांग कशी लावतात, उशिरा येणाऱ्याला कसं बसवतात, प्रश्नोत्तरात माइक कोणाच्या हातात राहतो. महोत्सव चालवायचं शिक्षण तिथं उभ्या उभ्या मिळतं.

५. सातजण जमवा

एकट्यानं महोत्सव होत नाही. आधी महिन्यातून एक चित्रपट दाखवणारं मंडळ काढा आणि ते निदान वर्षभर चालवा. संस्था नोंदवायची तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि नोंदणी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. त्यानंतर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचं सभासदत्व घेता येतं. ही १९५९ सालची संस्था, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष.

सातांत एक शिक्षक असू द्या, एक साउंडवाला, एक हिशेब ठेवणारा, आणि निदान दोन बाया. बाया मंडळात नसतील तर त्या रात्री मैदानावर येणार नाहीत. पहिल्या वर्षी आमच्याकडं तसंच झालं.

६. चित्रपट निवडा, मग हक्क मिळवा

सगळ्यात मोठा खड्डा इथं आहे. यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणून तो मैदानावर लावायची परवानगी मिळत नाही. ओटीटीचं वर्गणीखातंही घरी बघण्यापुरतंच असतं. चित्रपट सार्वजनिक दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची लेखी परवानगी लागते. ई-मेल चालतो, पण त्यात चित्रपटाचं नाव, तारीख, ठिकाण, किती वेळा दाखवणार आणि तिकीट आहे की नाही हे स्पष्ट हवं. लहान निर्माते गावात चित्रपट जातो म्हटल्यावर बहुधा आनंदानं परवानगी देतात. तुमचं त्या चित्रपटावर छापून आलेलं परीक्षण सोबत जोडा. मला मिळालेल्या परवानग्यांपैकी निम्म्या तरी माझ्या जुन्या कात्रणांमुळं मिळाल्या.

भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेला भारतीय चित्रपट २०२१पासून मोकळा झाला. पण त्याची दुरुस्त केलेली चांगली प्रत ज्यांच्याकडं आहे त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून विचारून घ्या. शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी दाखवायला कायद्यात सवलत आहे. तोच पडदा सगळ्या गावाला उघडा केला की ती सवलत संपते.

दुसरी बाब सेन्सॉर प्रमाणपत्राची. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणं सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र नसलेले लघुपट महोत्सवात दाखवायचे तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं आधी अर्ज करून सूट घ्यावी लागते, आणि अर्जाबरोबर चित्रपटांची यादी आणि प्रत्येकाचा सारांश द्यावा लागतो. पहिल्या वर्षी या फंदात पडू नका, प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्या. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे लहानांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या चित्रपटांचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले आहेत. मैदानावर सगळं गाव लेकराबाळांसकट येऊन बसतं, त्यामुळं 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा चित्रपट कितीही चांगला असला तरी उघड्यावर लावायचा नाही.

निवडीबद्दल एक मनापासून सांगतो. शेतकऱ्याच्या गावात शेतकरी आत्महत्येवरचेच चित्रपट आणायचे, हा मोह टाळा. माझ्या पहिल्या वर्षाच्या पाचपैकी चार चित्रपटांत मरण होतं. दुसऱ्या रात्री निम्मं मैदान रिकामं झालं. ज्या घरात तसं घडलं आहे त्या घरातली बाई पडद्यासमोर बसलेली असते, याचा विचार मी केला नव्हता. तो विषय आणू नये असं मी म्हणत नाही. आणायचा तर एकच चित्रपट आणा, तो मधे ठेवा, आणि पुढं-मागं श्वास घ्यायला जागा द्या. इराणचा लहान मुलांवरचा चित्रपट, जुना विनोदी मूकपट, समुद्र दाखवणारा एखादा माहितीपट आमच्याकडं फार मन लावून बघितला गेला. समुद्र न बघितलेली माणसं पुष्कळ होती.

परभाषेतल्या चित्रपटाला मराठी उपशीर्षकं करून घ्या. अक्षरं मोठी ठेवा आणि एका वेळी एकच ओळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पहिल्या वीस मिनिटांत एकानं माइकवरून थोडक्यात सांगत जावं. नंतर गप्प बसावं, कारण तोवर लोकांना चित्रपट कळायला लागलेला असतो.

७. कागदं आणि सामान

अर्ज महिनाभर आधी द्या, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फायलीत हे असावं:

- ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि शाळेचं मैदान वापरायची लेखी परवानगी
- तहसील कार्यालय आणि पोलीस ठाण्याला दिलेले अर्ज, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसह
- प्रत्येक चित्रपटाची हक्कपरवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत
- संस्थेची नोंदणी, बँक पासबुक, पावतीपुस्तक
- वीज जोडणीबाबत वीज कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नाटकं रातभर चालतात म्हणून आपलंही चालेल असं धरू नका. जानेवारीत सहा-सव्वासहाला अंधार पडतो. साडेसहाला मोठा चित्रपट लावला की नऊपर्यंत बोलणं आणि एक लघुपट आरामात होतो.

तारीख ठरवताना आजूबाजूच्या पाच गावांतली नाटकं, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि लग्नाच्या तिथी बघा. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबर तर नकोच. धानावरचे तुडतुडे उजेडाला येतात आणि प्रोजेक्टरच्या झोतात एवढे नाचतात की चित्र दिसत नाही. आम्ही जानेवारीचा पहिला पंधरवडा धरतो.

सामानात प्रोजेक्टर निदान चार हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) घ्या. भाड्यानं नागपुरात मिळतो. बारा फूट रुंद आणि सात फूट उंच पडदा तीनशे माणसांना पुरतो. कापड ताणून बांधा, आणि मागं काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जाऊन चित्र फिकं पडतं. जनरेटर शाळेच्या भिंतीपलीकडं ठेवा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवरच चालवा. लाइन गेली आणि दिव्याचा प्रोजेक्टर थंड व्हायच्या आत बंद पडला तर दिव्याचं आयुष्य घटतं, आणि भरपाई तुम्हाला द्यावी लागते. रात्री दव पडतं, म्हणून प्रोजेक्टरवर छत्री हवीच. लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवा आणि स्क्रीन आपोआप झोपायची सोय काढून टाका.

आणि चित्रपटाची फाइल आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर शेवटपर्यंत चालवून बघा. मी एका वर्षी सुरुवातीची दहा मिनिटं बघून ठीक आहे म्हटलं. मध्यंतरानंतर उपशीर्षकं चार सेकंद मागं पडायला लागली. बाप बोलायचा आणि अक्षरं लेकीची यायची. अडीचशे माणसं शेवटपर्यंत बसून राहिली. तो चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचला नाही याची हळहळ मला अजून आहे.

८. चित्रपटानंतरचा अर्धा तास

हा अर्धा तास कापू नका. पाहुण्यांचे सत्कार, नारळ, शाल सगळं पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उरका. वेळ द्यायचा तो बोलण्याला.

'चित्रपट कसा वाटला?' असं विचारू नका. 'चांगला' याच्या पुढं कोणी जात नाही. 'तुम्हाला कोणती जागा आठवते?' असं विचारा. माइक आधी बायांकडं द्या, मग पोरांकडं, सरपंच आणि गुरुजींकडं शेवटी. उलट क्रम झाला तर मागचे बोलत नाहीत. दिग्दर्शक आला असेल तर त्याला आधीच सांगा की पहिली पंधरा मिनिटं तो फक्त ऐकणार आहे.

त्या बोलण्याची नोंद कोणीतरी वहीत करावी. त्या गुंडवाल्या म्हातारीचं वाक्य माझ्या बायकोनं लिहून ठेवलं होतं, म्हणून ते आज माझ्याजवळ आहे.

९. पैसा

गावात राहून फक्त यावर घर चालत नाही. शेती, मास्तरकी, दुकान, काहीतरी सोबत लागतं. पुढं नाव झालं की निवड समितीवर बोलावणं येतं, शिबिरं घ्यायला बोलावतात, आणि त्यातून वर्षाला थोडेफार पैसे येतात.

महोत्सवाचा खर्च वर्गणीतून काढा. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा कलेक्टिव्हनं १९८०च्या दशकात गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि त्यातून स्वतःचा चित्रपटही काढला. आमच्याकडं बरेच जण पायलीभर तांदूळ देतात, त्यातून पाहुण्यांचं जेवण होतं. एकाच पुढाऱ्याकडून सगळा खर्च घेऊ नका, कारण मग पडद्यापेक्षा मोठा फलक त्याचा लागतो.

लघुपट स्पर्धा ठेवणार असाल तर प्रवेश शुल्क घेऊ नका. शुल्क घेऊन, कोणासमोर काहीही न दाखवता, शंभर-शंभर जणांना 'सर्वोत्कृष्ट'ची प्रमाणपत्रं ई-मेलनं पाठवणारे महोत्सव निघाले आहेत. एका पोरानं अशा ठिकाणी कॅमेऱ्यासाठी जमवलेले पैसे घातले. त्याचा लघुपट चांगला होता आणि तो एकाही माणसानं बघितला नव्हता. कुठंही चित्रपट पाठवण्याआधी विचारा: मागच्या वर्षी कुठं दाखवलं, किती वाजता, कोणी बघितलं.

१०. संपल्यावर पंधरा दिवस

मैदान साफ करून शाळेच्या ताब्यात द्या आणि तसं लिहून घ्या. वर्गणीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. प्रत्येक दिग्दर्शकाला पत्र पाठवा, त्यात किती माणसं होती आणि कोण काय बोललं ते वहीतून जसंच्या तसं उतरवा. ज्यांच्या फायली घेतल्या त्या लॅपटॉपवरून पुसून टाका आणि पुसल्याचं त्यांना कळवा. कोणाची हार्ड डिस्क आली असेल तर ती स्पीड पोस्टानं परत करा, आणि पावती पुढच्या वर्षीच्या फायलीत पहिल्या पानावर लावा.